धुतलेला धोटा

माझे कान गिरणीच्या मागांनी नेले. दात मात्र सगळे शाबूत आहेत, आणि जुन्या लूमखात्यातल्या, म्हणजे विणाईखात्यातल्या, माणसाचे दात साठीनंतर शाबूत असणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या वयाचे विणकर हसले की ओळखू येतात, कारण पुढच्या दातांच्या जागी खिडकी असते. संपादकांनी कापडगिरणीच्या यंत्रांवर लिहायला सांगितलं आहे. लिहितो. पण मला यंत्र आठवलं की त्याच्यापाशी उभा असलेला माणूस आधी आठवतो, म्हणून दोघांवरही लिहिणार. वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

आधी माग म्हणजे काय ते सांगतो. कापडात उभे धागे असतात तो ताणा, आडवा असतो तो बाणा. उभ्या धाग्यांतले निम्मे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात, आणि मधून एक बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून धोटा पळतो. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी नाक बसवलेली लाकडाची लांबट होडी. तिच्या पोटात सुताची कांडी. एका बाजूनं टोला बसला की धोटा सणसणत दुसऱ्या बाजूच्या पेटीत, तिकडून बसला की पुन्हा इकडे. जाताना मागे धागा सोडत जातो आणि त्याचंच कापड होतं. बस, इतकंच. बाकी सगळं लोखंड या एका लाकडाच्या तुकड्याची सेवा करण्यासाठी असतं.

पूर्वी हा धोटा हातानं फेकत. मग इंग्लंडात कुणीतरी दोरीला झटका देऊन तो पळवायची युक्ती काढली. विणकर भराभर विणायला लागले आणि सूत पुरेना. सूत पुरेना म्हणून कताईची यंत्रं निघाली. मग सूत एवढं झालं की विणकर पुरेनात, म्हणून मागाला वाफेचं इंजिन जोडलं. मग कापूस पुरेना. तो अमेरिकेतून यायचा, आणि तिकडचा आटला तेव्हा त्यांना आपलं वऱ्हाड आठवलं. आमचा कापूस बोटीनं जायचा आणि धोतर होऊन परत यायचा. ते धोतर इतकं स्वस्त की नागपूर-उमरेडच्या कोष्ट्यांचे हातमाग बसले. शेवटी कुणा हुशार शेटजींच्या ध्यानात आलं की कापूस इथं, माणसं इथं, तर यंत्रंच इथं आणावीत. ज्या यंत्रांनी कोष्ट्यांचे माग बसवले त्याच यंत्रांवर कोष्टी नोकरीला लागले. पुस्तकात याला औद्योगिक क्रांती म्हणतात. आमच्या खात्यात ती क्रांती रोज सकाळी तेल पाजून चालवावी लागे.

आमचे माग विलायतेहून आलेले, आमच्या आज्याच्या वयाचे. लोखंडी अंगावर तिकडच्या गावाचं नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेलं. एक माग फारच नखरेल होता, त्याला सगळे 'मेमसाब' म्हणत. दुपारनंतर मेमसाबला ऊन लागायचं आणि ती रुसायची. मग आमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मुकादम, करीममिया तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चल गं माय, छुट्टी के बाद रुस." आणि ती चालायची. पुढे गिरणी बंद पडली तेव्हा हे सगळे माग भंगारात वजनावर गेले. त्या दिवशी मी बघायला गेलो नाही. आजही त्याचं वाईट वाटतं, पण गेलो असतो तर जास्त वाईट वाटलं असतं.

आता तोंडाची गोष्ट. कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी बसवतो. तिचा धागा धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. तो काढायची विलायती रीत अशी: भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सुर्र की धागा तोंडात. एका मागाला दोन धोटे, एक पळतो तोवर दुसरा भरून ठेवायचा. एका विणकराकडे दोन मागांची जोडी. म्हणजे दिवसभर हेच: भर, ओढ, थुंक, लाव. पुढचे दात त्यातच झिजायचे. आणि तेच धोटे पुढच्या पाळीतला माणूस तोंडाला लावायचा. जॉबरही लावायचा. सगळ्यांचं उष्टं सगळ्यांच्या तोंडात.

म्हणूनच आम्हाला लूमखात्यात जागा नव्हती. माझ्या लहानपणी आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव गेले, नवस गेले, शाळा आली. पण गिरणीच्या आत जुनी वाटणी तशीच होती. लूमखात्यात कोष्टी आणि मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर, आणि आम्ही इंदोरा वस्तीची दलित माणसं कताईत. कायदा कुठंच नव्हता, पाटी कुठंच नव्हती. विचारलं की उत्तर यायचं, "जागा नाही." बाप कताईत गेला, माय कताईत होती, मीही कताईतच लागलो. लूमखात्यात पगार जास्त होता हे खरं, पण माझं मन त्यासाठी ओढत नव्हतं. कताईत तुम्ही जन्मभर सूत काढता आणि ते गाड्यावर बसून निघून जातं. मला कापड बघायचं होतं. आपल्या हातून निघालेलं, बोटांनी चाचपता येईल असं कापड.

करीममिया कामठीहून यायचे. त्यांच्या मेव्हण्याच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग होते. सुट्टीच्या दिवशी मी तिकडे जाऊन शिकलो. माग शिकलो आणि ओठांची भाषाही शिकलो. लूमखात्यात इतका खडखडाट असतो की ओरडून उपयोग नाही. आवाज न काढता ओठ हलवायचे आणि समोरच्यानं वाचायचं. पन्नास हात लांबून माणसं निवांत गप्पा मारतात. तोंडावर हात न धरता कुणाला शिवी देण्याची सोय नाही.

मारबतीचा दिवस आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि निम्मं लूमखातं तिच्यामागे नाचायला जातं. माग उभे, माणसं गायब. करीममिया थेट कताईत आले.

"सुखदेव, कामठी में चलाता है ना? यहाँ भी चला."

"अन् ज्याची जोडी आहे तो?"

"गणपत? वो नाच रहा है."

गणपतभाऊ म्हणजे खात्यातले सगळ्यात चांगले विणकर. गोळीबार चौकाजवळ राहायचे. आजा हातमागावर लुगडी विणायचा, आणि त्याच्या बोटांतलं कसब नातवात उतरलं होतं. त्यांच्या जोडीवर मी उभा राहिलो. धोट्याला तोंड लावलं. तेल, कापसाचं पीठ आणि मुरलेला तंबाखू. गणपतभाऊंची ओळख होण्याआधी मला त्यांच्या तंबाखूची ओळख झाली. पण माग सुरू झाला, समोर पांढरं कापड पुढे सरकायला लागलं आणि मी एकटाच हसत सुटलो. त्या आवाजात कुणाला काय ऐकू जातंय! पाळी संपेपर्यंत कापडात एक दोष पडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्थातच बोभाटा झाला. जेवणाच्या सुट्टीनंतर करीममियांनी मला लूमखात्याच्या दाराशी ओढत नेलं. "देख तमाशा," म्हणाले. गणपतभाऊंनी सकाळी आल्याआल्या चारी धोटे नळाखाली धरून घासून धुतले होते. चार लोक बघत होते ना! आता लाकडाला पाणी लागलं की लाकूड फुगतं हे सुताराच्या बकरीलाही कळतं. धोटा तर पेटीत केसाच्या मापानं बसणारा. तेलावर पोसलेलं लाकूड, त्याला कुणी पाणी दाखवत नाही. गणपतभाऊंना हे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. पण बाट काढायच्या नादात कसब विसरले.

त्यांचा माग चार वेळा धोटा फेकायचा आणि धाडकन थांबायचा. फुगलेला धोटा पेटीत शिरेचना. शेवटी तो मध्येच अडकला आणि ताण्याचे शेकडो धागे एकदम तुटले. खात्यातला पहिल्या नंबरचा विणकर घामाघूम होऊन तुटके धागे जोडत बसला होता आणि सगळे आपापल्या मागाआडून बघत होते. करीममिया जाऊन धोटा हातात घेऊन म्हणाले, "पानी लगाया? अरे, लकड़ी है गणपत, पाप नहीं जो धुल जाए!"

गणपतभाऊंची नजर दाराकडे गेली. मी दिसलो. त्यांचे ओठ हलले: "माह्या धोट्याले तोंड काहून लावलं बे तुनं?"

मीही आवाज न काढता ओठ हलवले: "तुमचा तंबाखू मले तरी कुठं आवडला?"

सगळ्या खात्यानं वाचलं. मागांच्या खडखडाटात शंभर माणसं पोट धरून हसत होती आणि एकाचंही हसू ऐकू येत नव्हतं. असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. गणपतभाऊ मात्र हसले नाहीत.

त्याच दिवशी पाच-सहा जण लूमखात्याच्या मुख्य साहेबांकडे, विव्हिंग मास्टरसाहेबांकडे, गेले. मला आणि करीममियांनाही बोलावणं आलं. "हा पोट्टा खात्यात आला तर आमी नाई राहत," त्यांचं म्हणणं. करीममियांनी मी विणलेलं कापड टेबलावर पसरलं. मास्टरसाहेब कापडावरून हात फिरवत राहिले. ते तत्त्वाचे माणूस नव्हते, उत्पादनाचे होते. म्हणाले, "धोट्याला तोंड न लावता चालवता येत असेल तर चालव. पण बदलीवाला म्हणून."

बदलीवाला म्हणजे कायमची जोडी नाही. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी काम, सगळे आले तर घर. कताईतली कायमची नोकरी सोडून हे घ्यायचं होतं.

मला खूप राग आला होता. मी म्हणालो, "साहेब, तोंड नाई लावत. पण हे कबूल नाई मले. ज्या दिवशी लावीन, सगळ्यांच्या समोर लावीन."

"आधी कापड काढ, मग भाषण कर," साहेब म्हणाले.

घरी येऊन मी मायजवळ धुसफुसलो. नाही जात म्हणालो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दार उघडून राहिलं तं उंबरठ्यावर कायले भांडत बसतं गा? आत जाय, मंग भांड."

गेलो. फणीतून धागा ओढायला विणकराकडे एक चपटा पितळी हूक असतो. तसा एक झिजलेला हूक करीममियांकडून घेतला आणि कानशीनं घासघासून धोट्याच्या भोकातून जाईल इतका बारीक केला. भोकातून आत घालायचा, धागा पकडायचा, बाहेर ओढायचा. सुरुवातीला फार वेळ लागायचा. एक धोटा संपायचा तरी दुसऱ्याचं भोक मला सापडायचं नाही. लोक ओठांनी विचारायचे, "काय, कान कोरून राहिला का?" मग हात बसला. त्यांनी तोंडानं ओढायच्या आधी माझा धागा बाहेर यायला लागला. शिवाय तोंडात पीठ नाही, खोकला नाही, तेलाची चव नाही. ज्यांच्यामुळे मला हूक घ्यावा लागला होता ते एकेक जण गुपचूप विचारायला लागले, "सुखदेव, एखादा जास्तीचा आहे का गा?" मी देत गेलो. का देऊ नये? थोडा भाव खाऊन देत होतो, इतकंच.

फक्त एका जोडीवर मला कधी उभं राहता आलं नाही. गणपतभाऊंनी सुट्टी घेणंच सोडून दिलं. ते गैरहजर राहिले तर बदलीवर मी येईन ही धास्ती. ताप असो, घरी पाहुणे असोत, माणूस हजर. मारबतीलासुद्धा! एका वर्षी गिरणीनं त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला, उत्तम हजेरीबद्दल. त्या समारंभात सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. त्या शालीवर निम्मा हक्क माझा होता.

मी मात्र वर्षानुवर्षं बदलीवालाच. माझ्यामागून आलेल्यांना जोड्या मिळाल्या. काम मिळालं त्या दिवशी मी राजा, नाही मिळालं त्या दिवशी फाटकावरून इंदोऱ्यापर्यंतचा रस्ता लांबच लांब वाटायचा. लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. कायमची जोडी कधी मिळेल हे सासरा विचारायचा आणि मी हवापाण्याच्या गोष्टी काढायचो.

मग एके दिवशी गणपतभाऊ गालाला फडकं बांधून कामावर आले. दाढ सुजली होती. ज्याला कधी दाढ दुखली असेल त्यानं तोंडानं जोरात हवा ओढून बघावी. मी त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या जोडीवर होतो. ते धोटा ओठांपाशी न्यायचे, डोळे मिटायचे, ओढायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. घरी जात नव्हते, कारण घरी गेले तर मी होतोच. मला आधी गंमत वाटली, खोटं कशाला बोलू? मग बघवेना. त्यांची पाठ वळली तेव्हा मी माझा हूक त्यांच्या मागाच्या चौकटीवर ठेवून आलो आणि दुसरा खिशातून काढला.

ते बराच वेळ त्या हुकाकडे बघत होते. मग उचलला. पाळी संपेपर्यंत त्यांनी एकदाही धोटा तोंडाला लावला नाही. भोंगा झाल्यावर माझ्याकडे आले, हूक आपल्या सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी धंतोलीतल्या दातांच्या दवाखान्यात जाऊन दाढ काढून आले. त्या दिवशीची जोडी मात्र मला मिळाली नाही, अर्धा दिवस त्यांनी माग उभे ठेवले.

दोन-तीन वर्षांनी ते निवृत्त व्हायला आले. आमच्या खात्यात एक रीत होती. जाणारा विणकर शेवटच्या तासाला नवी कांडी भरतो आणि धोटा पुढच्याच्या हातात देतो. तो धोटा मागात घालून माग सुरू करतो. जोडी त्याची. मास्टरसाहेब जाणाऱ्याचा शब्द सहसा मोडत नसत, आणि जाणारा सहसा आपल्या नात्यातलाच माणूस निवडायचा. गणपतभाऊंचा पुतण्या शंकर खात्यातच होता. धुतलेला सदरा घालून आला होता. जोडी त्याचीच, हे सगळे धरूनच चालले होते. मीही. घरून निघताना बायकोला सांगितलंही होतं की आजही काही आशा ठेवू नको.

शेवटच्या तासाला गणपतभाऊंनी आपले दोन्ही माग थांबवले. लोक जमले. बाकीचे माग धडधडत होते. त्यांनी कांडी भरली, मान वर केली आणि शंकरला सोडून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले: "इकडं ये."

मी गेलो. खिशातून हूक काढला. त्यांनी मान हलवली. मग सगळ्यांना वाचता यावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलले, "हूक नाई. तोंडानं काढ."

"आता काहून?" मी विचारलं.

"तवा सगळ्यांच्या समोर धुतला. आज सगळ्यांच्या समोर लाव."

मी लगेच नाही लावला, हे मुद्दाम सांगतो. इतक्या वर्षांचा राग एका वाक्यानं जात नसतो. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "अन् तुमी?"

मग त्यांनी हो म्हणून मान हलवली.

मी धोट्याला ओठ लावले आणि श्वास ओढला. तेल, पीठ, तंबाखू, सगळं तसंच, मारबतीच्या दिवशीसारखं. धागा जिभेवर आला. गणपतभाऊंनी धोटा माझ्या हातातून घेतला, बाहेर आलेला धागा आत ढकलला, आणि माझ्या तोंडची ओल तशीच असताना भोकाला स्वतःचे ओठ लावले. सगळं खातं बघत होतं. त्यांनी ओढलं. नाही आला. पुन्हा ओढलं. नाही आला. शंकरचे ओठ हलले, "काका, दात तं राहिले नाईत, हवा थांबते कुठं तुमची?"

पुन्हा तेच न ऐकू येणारं हसू सगळ्या खात्यात पसरलं, आणि या वेळी गणपतभाऊही हसले. हसत हसतच तिसऱ्यांदा ओढलं आणि धागा आला. त्यांनी धोटा माझ्या हातात दिला. मी तो पेटीत घातला आणि माग सुरू केला. माझे डोळे भरले होते, त्यामुळे पहिल्या वीतभर कापडात काही दोष राहिला असेल तर तो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी न थांबता सरळ आत गेलो. माझ्या जोडीवर उभा राहिलो, कांडी भरली आणि खिशातून हूक काढून धागा ओढला. पलीकडून करीममिया बघत होते. त्यांनी ओठांनी विचारलं, "अब काहे को?"

मी म्हणालो, "आता माह्या मर्जीनं."